चकमधली किल्ली

ठाणे, रविवार

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, आमसुलं पोचली. बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत पत्र तूच वाचून दाखवणार, म्हणून अक्षर मोठं काढतोय.

काल रात्री ‘हार्ड एट’ हा इंग्रजी सिनेमा पाहिला, १९९६ चा. कॉफी शॉपच्या दाराशी एक पोरगा भणंगासारखा बसलेला. आईच्या अंत्यविधीला सहा हजार डॉलर हवेत, आणि जुगारात होतं नव्हतं ते गेलंय. कोटातला एक म्हातारा येतो, त्याला कॉफी पाजतो. मग कॅसिनोत नेऊन तेच दीडशे डॉलर पुन्हापुन्हा वटवत फुकटात खोली कशी पदरात पाडायची ते शिकवतो. (असली शिकवणी! पण शिकवतो मन लावून.)

बाबा, मला तुम्ही आठवलात. ठाणे स्टेशनच्या बाकावरून तो जालन्याचा मुलगा तुम्ही घरी आणलात, तेव्हा मी नववीत होतो. “चहा घेणार का?” एवढंच विचारलंत म्हणे. चार दिवसांत तो वागळे इस्टेटला तुमच्या लेथवर. डबा द्यायला यायचो तेव्हा बघायचो, त्याच्या हातात मापाचा व्हर्नियर आणि तुम्ही मागे उभे. मशीनवरचा जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, बिघडला तरी आवाज चढायचा नाही. ओरडा एकाच गोष्टीसाठी: “चकमधली किल्ली काढलीस का?” मशीन सुरू करण्याआधी तीन-तीनदा. जॉब धरणारा चक आवळायची ती किल्ली तशीच राहिली, तर मशीन फिरताच उडून अंगावर येते, हे मला मागाहून कळलं. माझं गणित चुकलं की मात्र वही भिरकावायचात. त्याचं ताट आधी वाढलं म्हणून मी एकदा उपाशी झोपलो होतो, आईला आठवत असेल.

सिनेमात पुढे कळतं, त्या पोराच्या बापाला या म्हाताऱ्यानेच कधीकाळी मारलेलं असतं. परतफेड म्हणून सुरू झालं असेल, पण जीव खराच लावलाय त्याने. म्हणून तर घशात अडकतं. शेवटी म्हाताऱ्याला आपल्या शर्टाच्या कफवर रक्ताचा डाग दिसतो आणि तो गुपचूप कोटाची बाही त्यावर ओढून घेतो.

तिथे मला ती किल्ली आठवली. माझ्या जन्माआधी तुमच्या मशीनवर एका हेल्परला लागलं होतं, असं आई एकदा भांडी घासताना बोलून गेली. पुढे विचारलं तर नळ मोठा सोडला. बाबा, तेव्हा किल्ली कोण विसरलं होतं?

ऑपरेशनला येईन तेव्हा सांगितलंत तरी चालेल. आई, वाचताना ही ओळ गाळू नकोस.

तुमचा,
धाकटा