दुबईच्या पार्टीला एवढं विचार

नागपूर

चि. छोटीस अनेक आशीर्वाद.

आपल्या गिरणीच्या तांदळाला दुबईच्या पार्टीने देऊ केलेला, तू पाठवलेला भाव बाबांना दाखवला. चष्मा काढून म्हणाले, "कशाला ती नसती उठाठेव?" तुला वाटेल, बाबा घाबरट. तसं नाही गं. परक्या माणसाची त्यांना भीती नाही, कागदांचीही नाही. निर्यातीला लागणारा आयईसी नंबर ५०० रुपयांत घरबसल्या मिळतो, एलयूटी म्हणजे हमीपत्र भरलं की निर्यातीवरचा जीएसटी (आयजीएसटी) आधी भरावा लागत नाही. तेवढं मीच करून टाकीन. त्यांना धास्ती आहे दिल्लीहून रातोरात निघणाऱ्या आदेशाची.

तू तेव्हा पुण्याला होतीस. २० जुलै २०२३ ला बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली, तीही तत्काळ. देशात भाव चढत होते. इथल्या माणसाला तांदूळ परवडायला हवा, हे मलाही पटतं. (लोकसभेची निवडणूक तोंडावर होती, ते सोड.) पण सूट कोणाला? ज्याचा माल आदेशाआधी कस्टम्सच्या हद्दीत शिरला आणि तशी तारीख-वेळेसकट नोंद झाली, त्याला. म्हणजे अजनीच्या कस्टम्स डेपोत शिरलेला कंटेनर सुटणार आणि मौद्याला गिरणीच्या दारात भरून उभा असलेला ट्रक अडकणार. आपल्या शेजाऱ्यांकडे अरबीत छापलेले कट्टे (पोती) अजून पडून आहेत. तांदूळ कसाबसा इथे विकला, पण ते कट्टे कोण घेणार?

सव्वा महिन्यात उकड्या तांदळावर २० टक्के निर्यात शुल्क बसलं. पांढऱ्यावरची बंदी उठली २८ सप्टेंबर २०२४ ला, तीसुद्धा टनाला ४९० डॉलरच्या किमान दराची अट घालून. ती अट पुढच्याच महिन्यात गेली. मोठा व्यापारी एवढे दिवस दम धरतो. आपल्या बँकेतल्या सीसी (कॅश क्रेडिट) कर्जखात्याचं व्याज थांबत नाही.

शिवाय सरकारने खरेदी केलेलं धान भरडाईला, म्हणजे तांदूळ काढायला, दारात येतं. पैसे उशिरा मिळतात, कटकट असते, पण गिरणी चालू राहते. मग गिरणीवाला दुबईकडे बघेल कशाला? बाबांच्या नकाराचं खरं मूळ इथे आहे, असं माझं मत.

तरी मी त्यांच्या बाजूने पूर्ण नाही. सप्टेंबर २०२५ पासून बिगरबासमतीचा निर्यात करार अपेडाकडे (शेतमाल निर्यातीची केंद्रीय संस्था) नोंदवावा लागतो, तेवढं सांभाळून सुरुवात करता येईल. फक्त भरडाई सोडायची नाही आणि अख्ख्या हंगामाचा भाव बांधून द्यायचा नाही. एकेक कंटेनरचा सौदा कर. बंदी आली तर दंड न लागता करार रद्द आणि नवं शुल्क लागलं तर ते घेणाऱ्याच्या माथी, असं लेखी घे. आगाऊ रक्कम घे. कट्टे कोरेच ठेवायचे, वरून स्टिकर लावू.

पार्टीला हे मंजूर आहे का ते विचारून रविवारपर्यंत कळव. बाबांशी मी बोलते.

तुझी,
आई