लेझरची घाई करू नकोस, बापू

अमळनेर,
रविवार रात्र

प्रिय बापू,

परवा फोनवर तू इतका तापलेला होतास की मी नुसता 'हं, हं' करत राहिलो. तुला मध्ये काही सांगावं तर तू तोडणार, हे मला शाळेपासून माहीत आहे. म्हणून लिहायला बसलो. आता सगळं वाचल्याशिवाय तुला उत्तर देता येणार नाही.

पहिलं म्हणजे, पोरीला उद्या लेझरवाल्याकडे ओढून नेऊ नकोस. अखाजीला, अक्षय तृतीयेला, गावी यायच्या आत तिच्या मनगटावरचं ते मोरपिसाचं टॅटू निघालंच पाहिजे असं तू म्हणालास. लेका, ते तसं निघत नसतं. सुई शाई वरच्या कातडीत सोडतच नाही. वरची कातडी तर झडत राहते आणि नवी येते. शाई बसते तिच्या खालच्या थरात. तिथे शरीरातल्या पेशी तिला परकी वस्तू समजून गिळतात आणि पोटात घेऊन तिथेच बसतात. त्या मेल्या की दुसऱ्या येतात आणि तीच शाई पुन्हा गिळतात. मायच्या हातावरचं गोंदण साठ-पासष्ट वर्षांनी अजून हिरवं दिसतं ते यामुळेच. लेझर शाईचे कण फोडून बारीक करतं, मग शरीर ते हळूहळू वाहून नेतं. दोन बैठकांमध्ये सहा ते आठ आठवडे जाऊ द्यावे लागतात, आणि बैठका एक-दोन नसतात. काळी शाई त्यातल्या त्यात ऐकते, हिरवा-पिवळा रंग फार चिवट. तुझ्या पोरीनं नेमकं मोरपीस निवडलंय! शिवाय आपली कातडी सावळी. लेझरचा मारा शाईबरोबर कातडीच्या मूळ रंगावरही पडतो, फोड येतात, कधी पांढरा डाग कायमचा राहतो. म्हणजे मनगटावर मोरपीस होतं तिथे उद्या कोडासारखा चट्टा. मग आबांना काय सांगशील? आणि जखम अजून ओली असताना कोणी शहाणा डॉक्टर लेझर मारणारही नाही. जो 'या, आजच करून टाकू' म्हणेल, त्याच्या पायऱ्या चढू नकोस.

तू म्हणशील, औषधाच्या दुकानात बसून हा मोठा डॉक्टर झाला. पण गावातल्या टॅटूची बातमी घरच्यांच्या आधी माझ्याकडे येते, तीही आदल्या दिवशी. अकरावी-बारावीतलं पोरगं येतं, इकडेतिकडे बघतं, दुसरं गिऱ्हाईक जाईपर्यंत च्यवनप्राशच्या डब्या वाचत उभं राहतं आणि मग हळूच म्हणतं, "काका, सुन्न करायची क्रीम आहे का?" चिठ्ठीशिवाय मी देत नाही. ही पोरं अख्ख्या दंडाला क्रीम फासतात आणि वरून स्वयंपाकघरातलं प्लास्टिक गुंडाळून तासन्‌तास बसतात. ते औषध कातडीतून रक्तात उतरतं. जास्त झालं तर चक्कर येते, ओठ निळे पडतात, हृदयाचे ठोके बिघडतात. टॅटूपेक्षा मला या क्रीमचीच धास्ती जास्त वाटते. दोन दिवसांनी तेच पोरगं मलम घ्यायला येतं, तेव्हा बाही खाली ओढलेली असते, भर उन्हाळ्यातसुद्धा.

आणि आमचा पोऱ्या तर तुला माहीतच आहे. त्याचं सगळं प्रकरण तुला कधी सांगितलं नव्हतं, कारण तेव्हा घरात वातावरण फार बिघडलेलं होतं.

तो सोळाचा होता. दत्तजयंतीला मित्रांबरोबर सारंगखेड्याच्या यात्रेत गेला, घोडे बघायला म्हणून. परत आला तो दंडावर त्रिशूळ घेऊन. दंड सुजून लाल झालेला. दुसऱ्या दिवशी त्याला गाडीवर बसवलं आणि दोंडाईच्यावरून थेट सारंगखेडं गाठलं. भांडायचं नव्हतं, मला ती सुई बघायची होती. घोड्यांच्या बाजाराच्या अलीकडे, भेळवाल्याच्या शेजारी एक खोकं होतं. मागे फ्लेक्सवर वाघ, सिंह, महादेव, बदामात नावं. खाली एका बॅटरीवर मशीन घरघरत होतं. एका पोराचं नाव काढून झालं की तो माणूस सुईचं टोक फडक्यानं पुसायचा, डेटॉलच्या पाण्यात बुचकळायचा आणि दुसऱ्याच्या हातावर ठेवायचा. ते पाणी गढूळ काळं झालेलं. शाईची टोपणीही तीच, सगळ्यांची मिळून एक. माझ्यासमोर एकामागून एक पोरं बसत होती, आमच्या पोऱ्यानं ते उभं राहून पाहिलं. मला त्याला काही बोलावं लागलं नाही. गाडीवर मागे बसून शिंदखेड्यापर्यंत तो गप्प होता, मग म्हणाला, "पप्पा, रक्त तपासायचं का?"

रक्त तपासायचंच होतं, पण ही गोष्ट बहुतेकांना कळत नाही. त्याच दिवशी रिपोर्ट काढला आणि निगेटिव्ह आला, म्हणजे सुटलो असं नसतं. त्या सुईनं काही दिलं असेल तर ते रक्तात दिसायला वेळ लागतो. एचआयव्हीसाठी सहा आठवड्यांनी आणि पुन्हा तीन महिन्यांनी तपासणी करून घ्यायची, हिपॅटायटिस सी साठी सहा महिन्यांपर्यंत लक्ष ठेवायचं. सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची तपासणी फुकट होते आणि नाव गुप्त राहतं. सुई खरंच दुसऱ्याची वापरलेली आहे असा संशय असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरकडे जायचं, कारण एचआयव्ही टाळायची औषधं त्या वेळेतच सुरू करावी लागतात. आम्ही वेळेत गेलो. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, हिपॅटायटिस बी ची लस लहानपणी झालेली होती तरी डॉक्टरांनी कागद मागून बघितले. पुढचे सगळे रिपोर्ट चांगले आले. पण ते महिने मी कसे काढले ते मलाच माहीत.

तुझ्या पोरीचं तसं दिसत नाही. तू सांगितलंस की दुकान स्वच्छ होतं, सुईचं पाकीट तिच्यासमोर फोडलं, हातमोजे होते. तरी एकदा स्वतः जाऊन बघ. शाई प्रत्येकासाठी वेगळ्या टोपणीत ओततात का, सुया नंतर कुठे टाकतात, हे विचार. आणि आवाज न चढवता विचार, म्हणजे खरं उत्तर मिळेल.

आता तुझ्या पोलीस कंप्लेंटचं. तुझा राग मला समजतो. मैत्रिणीच्या बहिणीचं आधार दाखवून पोरीनं वय वाढवलं आणि त्यानं फोटोसुद्धा नीट बघितला नाही. पण आपल्याकडे टॅटूचं वय ठरवणारा स्वतंत्र केंद्रीय कायदाच नाही. १८७५ च्या कायद्यानं माणूस १८ व्या वर्षी सज्ञान होतो आणि १८७२ च्या करार कायद्यानं अठराच्या आतल्याची करारावरची सही चालत नाही, म्हणून बरी दुकानं ओळखपत्र मागतात आणि आईबापाची सही घेतात. ब्रिटननं १९६९ मध्येच कायदा करून टाकला, १८ च्या आतल्या पोराला टॅटू करणं हा गुन्हा, आईबाप 'हो' म्हणाले तरी. आपल्याकडे असं काही झालं तर सगळ्यात आधी मी पेढे वाटीन. तोवर सारंगखेड्याच्या खोक्याला कोण विचारतंय? आणि तू कंप्लेंट केलीस तर पहिला प्रश्न त्या खोट्या आधारचा निघेल, हेही ध्यानात घे.

आमच्या पोऱ्याचं लेझर मात्र चालू आहे, कारण त्याची गोष्ट वेगळी आहे. त्याला सैन्यात जायचंय. रोज पहाटे ग्राउंडवर धावतो. तिथल्या सरांनी सांगितलं, फौजेत टॅटू चालतो तो हाताच्या आतल्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या मागच्या बाजूला. बाकी कुठेही नाही. सातपुड्यातल्या आदिवासी पोरांना त्यांच्या रूढीच्या गोंदणाची सवलत आहे, आपल्याला नाही. केंद्रीय पोलीस दलांत त्याहून बारीक हिशेब. डावा हात बरा, कारण सलामी उजव्यानं; आणि आकार त्या भागाच्या पाव हिश्श्याहून कमी. याचा त्रिशूळ नेमका दंडावर. चार बोटं खाली असता तर प्रश्नच नव्हता! साडेसतराला अग्निवीरचं दार उघडतं, म्हणून जळगावच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे वाऱ्या चालू आहेत. त्रिशूळ आता फिकट निळ्या सावलीएवढा राहिलाय. लेझरच्या प्रत्येक चटक्याला रबर ताणून सोडल्यासारखं लागतं म्हणतो. मी बाहेर बाकावर बसून असतो. आत जाऊन हात धरायचा नाही, असं त्यानं बजावलंय.

तर त्याला गरज आहे. तुझ्या पोरीला काय गरज आहे? तिला सीए व्हायचंय. मनगटावर मोरपीस असलेल्या सीएला कोणी परीक्षेला बसू देणार नाही असं नाही. लेझर तुला पाहिजे, बापू, तिला नाही. आणि तुलाही ते आबांसाठी पाहिजे.

आबांचं म्हणशील तर त्यांच्या आईच्या कपाळावर काय होतं ते आठव. आमच्या मायच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत आहे, एका हातावर तुळशीवृंदावन, दुसऱ्यावर विंचू, हनुवटीवर तीन ठिपके. घरात पोऱ्याच्या त्रिशुळावरून रणकंदन चाललं होतं तेव्हा माय खाटेवर बसून शेंगा फोडत होती. सगळ्यांचं बोलून झाल्यावर म्हणाली, "मन्हं गोंदं जव्हय, माले कोनी इचारं नई. यानी गोंदं, तुले इचारं नई. फिट्टंफाट!" मग तिनं सांगितलं, ती सात-आठ वर्षांची असताना गोंदारीण दारात आली होती. दोन बायांनी तिला दाबून धरलं, ती लाथा झाडत होती, आणि रडली म्हणून वर मार खाल्ला. का, तर मेल्यावर सोनंनाणं इथेच राहतं आणि गोंदण तेवढं सोबत येतं. ज्या पिढीनं लेकरांना धरून गोंदवलं तिला नातवंडांच्या मोरपिसाची लाज वाटते, याचं मला हसू येतं. पण म्हणून ते दोन्ही सारखं, असं मी म्हणणार नाही. मायला हवं होतं की नको, हे तिला कळायच्या आत झालं. तुझ्या पोरीला आज ते फार हवंय, आणि सोळाव्या वर्षी जे फार हवं असतं ते पंचविसाव्या वर्षी किती उरतं, हे तुला-मला ठाऊक आहे. तू बारावीत तुझ्या त्या वहीच्या पहिल्या पानावर जे नाव कोरलं होतंस, ते आज मनगटावर असतं तर वहिनींनी काय केलं असतं?

हे तिला सांग. पण नंतर, जखम पुरती भरल्यावर. आत्ता तिच्याशी फक्त जखमेचं बोल. साध्या साबणानं हलक्या हातानं धुवायचं, टिपून कोरडं करायचं, मलमाचा पातळ थर. खपली काढायची नाही. हळद, लिंबू, चुना, मीठ काही नाही. वहिनींना हे खास सांग, कारण लिंबू चोळून रंग उतरतो असं त्यांच्या बहिणीनं सांगितल्याचं तू बोललास. जखम भरेपर्यंत ऊन आणि पोहणं बंद. पू, ताप किंवा हातावर वर चढणारी लाल रेघ दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि हो, तू शिवजयंतीला रक्तदान करतोस, पुढे तीही करेल. टॅटूनंतर बारा महिने रक्त घेत नाहीत. तिला अठरा व्हायला अजून वेळ आहे, त्यामुळे ते आपोआप निभावेल.

धाकटीनं आता हट्ट धरलाय आणि तू तिला 'काळ्या मेंदीचं' कबूल केलंस, ते मात्र ताबडतोब रद्द कर. साधी हिरव्या पानांची मेंदी लाव, खुशाल लाव. काळी मेंदी म्हणून जे विकतात त्यात बऱ्याचदा केस काळे करायचं रसायन असतं. त्यानं कातडी भाजल्यासारखी होते, आणि ॲलर्जी एकदा जडली की पुढे कधी केसांना डाय लावला तरी उफाळते. नक्षीच्या आकाराचे फोड घेऊन आलेल्या पोरी मी दुकानात पाहिल्यात. टॅटू टाळायला म्हणून हे करू नकोस.

अखाजीला या, ठरल्याप्रमाणे. पूर्ण बाह्यांचा ड्रेस वगैरे काही घालायला लावू नकोस, बेचाळीस-त्रेचाळीस तापमानात पोरीला उकडून मारशील. आबांना आधी फोनवर तूच सांगून टाक. घरी आल्यावर दिसलं तर ते चिडतील, आधी कळलं तर चिडून होईल. माय तर तिचा हात बघायला टपलेलीच आहे. विचारत होती, मोर पुरा काढला की पिसावरच भागवलं.

उद्या मला त्या मनगटाचा फोटो पाठव, दिवसाच्या उजेडातला, फ्लॅश न मारता. आणि त्या दुकानानं कुठलं मलम दिलंय त्याच्या ट्यूबचाही, दोन्ही बाजूंनी. त्यात स्टिरॉइड असेल तर मी दुसरं सांगतो.

तुझा,
अण्णा