मंत्रीसाहेब, आमच्या लेकराची पसंती गोठवून तुम्ही काय मिळवलं?

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांसी,

स.न.वि.वि.

साहेब, मी परभणी जिल्ह्यात सेलूला मोटार रिवायंडिंगचं दुकान चालवतो. पाणबुडी मोटारी, मोनोब्लॉक, गिरणीच्या मोटारी, जळाल्या की लोक माझ्याकडं आणतात. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला त्यात नदीकाठच्या मोटारी गाळात गेल्या, दुकानापुढं ढीग लागला होता, दोन पैसे मिळायचे दिवस होते, पण माझं चित्त कामावर नव्हतं. कारण तेव्हाच माझी मोठी मुलगी रात्रभराच्या गाडीवर, पुण्याच्या बाजूच्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात, तिला नको असलेल्या ब्रँचला जाऊन बसली होती. अजून तिथंच आहे. म्हणून हे पत्र. आधी ईमेल केला होता, त्याला पोच आली, उत्तर आलं नाही.

तिला इलेक्ट्रिकल पाहिजे होतं. हे मी पालक म्हणून फुगवून सांगत नाही. सातवीपासून ती शाळा सुटली की दुकानात येऊन बसायची. जळालेल्या स्टेटरमधनं, म्हणजे मोटारीच्या तार गुंडाळलेल्या भागातनं, छिन्नीनं तार काढायची, एका कॉइलला किती टर्न, म्हणजे वेढे, आहेत ते मोजायचे, तारेचा गेज बघायचा आणि वहीत लिहून ठेवायचं, म्हणजे नवीन भरताना तेवढेच टर्न पडतात, हे काम किचकट आहे, माणूस कंटाळतो. एकदा मी ७२ लिहा म्हणलं तर ती म्हणाली पप्पा ७४ आहेत. परत मोजले, ७४च निघाले. त्या दिवसापासून मोजायचं काम तिच्याकडं. अशा लेकराला तुमच्या पोर्टलनं आर्टिफिशियल इंटेलिजन्स आणि डेटा सायन्स दिलं आणि वर कुलूप लावलं.

आता कसं झालं ते सांगतो. सुरुवात सीईटीपासूनच, म्हणजे इंजिनिअरिंगच्या राज्याच्या प्रवेश परीक्षेपासूनच झाली. २७ एप्रिलच्या सकाळच्या शिफ्टला तिचा पेपर होता. गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांत चुका. एकवीस! गणिताला प्रत्येक प्रश्नाला दोन मार्क, म्हणजे २०० पैकी ४२ मार्कांचा पेपरच चुकीचा. लेकरू बाहेर आलं ते रडतच, म्हणे मी काढलेलं उत्तर चारही पर्यायांत नाहीच, मग मलाच येत नाही असं वाटून पुढचं पण गेलं. नंतर चूक कबूल झाली आणि ५ मे ला सत्तावीस हजारांवर मुलांची फेरपरीक्षा घेतली. आठ दिवसांत परत तोच ताण, परत गाडीभाडं, परत सेंटरच्या गेटबाहेर मी दिवसभर उन्हात. चूक कुणाची आणि फेरपरीक्षा कुणाची? पेपर काढणाऱ्यांची फेरपरीक्षा कुणी घेतली का साहेब?

तरी आम्ही ते गिळलं. पर्सेंटाइल नव्वदच्या वर आलं, खूप नाही पण सरकारी कॉलेजच्या इलेक्ट्रिकलच्या आसपासचं होतं. मग कॅप राऊंड, म्हणजे पसंतीक्रमानं जागा वाटायच्या सरकारी फेऱ्या. २०२५ ला तुम्ही तीनाचे चार राऊंड केले आणि नवा नियम आणला, पहिल्या राऊंडला पहिली पसंती मिळाली की ऑटो फ्रीज, दुसऱ्या राऊंडला पहिल्या तीनमधली कुठलीही मिळाली की ऑटो फ्रीज, तिसऱ्याला पहिल्या सहामधली. ती जागा घ्यायचीच, नाही घेतली तर पुढच्या राऊंडमधून बाहेर.

आमच्या भागातल्या एका सुविधा केंद्रावर कागद तपासायला गेलो तिथं विचारलं की ऑप्शन कसे टाकायचे. तिथला माणूस म्हणाला, भरपूर टाका, कॉम्प्युटरवालं पण एखादं वर ठेवा, मिळालं तर मिळालं, आवडलं नाही तर बेटरमेंट करता येतं, म्हणजे पुढच्या राऊंडला वरची पसंती मागता येते. मी त्या पोराचं नाव लिहिणार नाही, त्याच्यावर माझा रागही नाही. तो गेल्या वर्षीपर्यंतचं सांगत होता. त्याच्याही पुढं पन्नास लोक उभे होते आणि नियमाची पीडीएफ इंग्रजीत. माझ्या मुलीनं पण वाचली होती, पण दुसऱ्या राऊंडला फॉर्म परत भरताना पहिले तीन म्हणजे आपण कायमचे बांधले जातो हे तिच्या डोक्यात आलं नाही. अठरा वर्षांचं लेकरू आहे ते, वकील नाही.

पहिले दोन ऑप्शन सरकारी कॉलेज, इलेक्ट्रिकल. तिसरा हा, शेजारच्या सरांच्या आग्रहाखातर टाकलेला. दुसऱ्या राऊंडला तिसरा लागला. फ्रीज. आणि तिसऱ्या राऊंडची कट ऑफ लागली तेव्हा तिच्या पहिल्या पसंतीच्या जागेवर, तिच्याच कॅटेगरीत, तिच्यापेक्षा कमी पर्सेंटाइलचं नाव होतं. ती लिस्ट मोबाईलवर तिनं मला दाखवली, बोटानं झूम करून, आणि काहीच बोलली नाही. मी स्टार्टर उघडून बसलो होतो, तो तसाच उघडा ठेवून घरी गेलो.

साहेब, तुमची बाजू मला कळते. वरची मुलं जागा धरून ठेवतात, शेवटी सोडून जातात, जागा रिकाम्या राहतात, म्हणून आधीच पक्कं करायचं. पण पहिली पसंती गोठवली तर समजू शकतो, त्यानं स्वतःच ती एक नंबरला लिहिलीये. तिसरी पसंती ही पसंती असते का? घरात पोरीला तीन स्थळं सांगून आली आणि तिसऱ्याचा होकार आधी आला म्हणून पहिल्या दोघांची वाट न बघता साखरपुडा उरकून टाकायचा, असं कुठलं घर करतं? ज्यांना हा नियम नीट कळला त्यांनी वर मोजकेच ऑप्शन ठेवले. कुणाला कळला? ज्यांच्याकडं दहा-पंधरा हजार रुपये घेऊन फॉर्म भरून देणारे काऊन्सेलर आहेत त्यांना. म्हणजे सीईटीत मार्क किती पडले यापेक्षा फॉर्म कुणी भरून दिला यावर ब्रँच ठरायला लागली. ही गुणवत्ता कुठल्या कायद्यात बसते ते सांगा.

आणि दरवर्षी नियम बदलायचाच असं काही व्रत आहे का? २०१४ आणि २०१५ ला इंजिनिअरिंगला जेईई मेन आणि बारावीचे मार्क धरले. २०१६ ला परत सीईटी आणली. २०१९ ला ती ऑनलाइन झाली आणि पर्सेंटाइल आलं, तेव्हापासून आपल्याला खरे मार्क किती याला अर्थच नाही, त्या शिफ्टला बाकीच्यांना किती पडले यावर सगळं. २०२२ ला तेव्हाच्या मंत्र्यांनी जाहीर केलं, पुढच्या वर्षीपासून बारावीला ५० टक्के वजन. आमच्या पोरीनं ते ऐकून बोर्डाचा अभ्यास जीव लावून केला, तेव्हा ती दहावीत गेली होती, दहावीपासून प्रॅक्टिकलच्या वह्या बघा तिच्या. ते वजन आलंच नाही. ज्यांनी बारावीला कॉलेजचं तोंड बघितलं नाही, नाव एका ज्युनिअर कॉलेजात आणि पोरगं दोन वर्षं क्लासमध्ये, ते इंटिग्रेटेडवाले पुढं गेले. बारावीला ४५ टक्के, राखीवला ४०, एवढं पडलं की झालं. मग बोर्डाची परीक्षा घेता कशाला?

आता म्हणे २०२६ पासून सीईटी दोनदा. ज्यात जास्त पर्सेंटाइल ते धरणार. ऐकायला चांगलं आहे, २७ एप्रिलसारखं काही झालं तर लेकराला दुसरी संधी मिळेल. पण दोन परीक्षा म्हणजे दोनदा फी, दोनदा प्रवास, मध्ये क्रॅश कोर्स. त्याचे पैसे कुठून येतात गावाकडच्या माणसाकडं? एक परीक्षा धड होत नाही तिथं दोन घेणार, त्या निदान बिनचूक घ्या.

फीचं पण बोलतो, कारण तिथं तर शब्दच मोडला. जुलै २०२४ च्या जीआरनं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना शंभर टक्के माफी. जाहिरातीत काय होतं? मुलींना मोफत उच्च शिक्षण. आम्ही ओबीसी, उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमिलेयर सगळं घेऊन ॲडमिशनला गेलो तर काउंटरवर अडतीस हजार मागितले. डेव्हलपमेंट, डिपॉझिट, लॅब, असली नावं. मी जीआर दाखवला तर तिथली बाई शांतपणे म्हणाली, काका, यात ट्यूशन आणि परीक्षा फी लिहिलीये, बाकीचं नाही. खरंच होतं ते. म्हणजे जाहिरात मोठ्या अक्षरात आणि बाकीचं काउंटरवर. वर होस्टेल, मेसचे महिन्याला सात हजार. जवळच्या सरकारी कॉलेजला गेली असती तर शनिवारी घरी आली असती, डबा नेला असता.

मला सगळ्यात जास्त लागतं ते वेगळंच आहे. आमच्या तालुक्यात तुमच्याच सरकारचे ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतले पंप बसलेत. पॅनल चांगले आहेत, पण कंट्रोलर गेला की शेतकरी पंधरा-पंधरा दिवस कंपनीच्या माणसाची वाट बघतो, पीक वाळतं. मला जुनी मोटार कळते, कंट्रोलरमधलं कार्ड कळत नाही. माझ्या पोरीनं बारावीच्या सुट्टीत एक बंद पडलेला कंट्रोलर उघडून त्यातला भाग न् भाग वहीत काढला होता, म्हणाली पप्पा मी हेच शिकून येते. पंप मागेल त्याला, आणि तो दुरुस्त करायचं शिकायला मागणारीला डेटा सायन्स. २०२४ मध्ये एआयसीटीईनं, म्हणजे देशातल्या तंत्रशिक्षणाच्या परिषदेनं, ब्रँचच्या जागांवरची मर्यादा काढली, मग शहरातल्या कॉलेजांनी कॉम्प्युटर आणि एआयच्या तुकड्यांवर तुकड्या वाढवल्या, त्या भरायच्यात म्हणून आमची लेकरं तिकडं ढकलायची का? सरकारी कॉलेजात प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या पडल्यात त्या कधी भरणार?

ब्रँच बदलून घ्या म्हणाल, तर त्या कॉलेजात इलेक्ट्रिकल ब्रँचच नाही.

दिवाळीला आली होती ती. पाडव्याच्या दिवशी दुकानात बसून दोन स्टेटर भरले तिनं, एकदाही त्या कॉलेजचं नाव काढलं नाही. जाताना म्हणाली, पप्पा, मी परत सीईटी देऊ का, २०२६ ला दोनदा आहे म्हणे. मी अजून उत्तर दिलेलं नाही. भरलेले पैसे जातील, वर्ष जाईल, तेही मी सोसेन, पण पुढच्या वर्षी नियम काय असतील तेच मला माहीत नसताना तिला हो कसं म्हणू?

म्हणून आता एवढंच विचारतो, २०२६ च्या प्रवेशाला ऑटो फ्रीज किती पसंतींवर असणार, ते सीईटीचे फॉर्म सुरू व्हायच्या आधी जाहीर करा, आणि मराठीत करा, सुविधा केंद्रावरच्या पोराला पण कळेल असं. जमलं तर फक्त पहिल्या पसंतीवर ठेवा. तिला मला दहा तारखेच्या आत सांगायचंय.

आपला,
एक पालक, सेलू, जि. परभणी