कोंबडा गावठी, वेळ अडीच तास

महोदय,

'कॉक ओ व्हँ' या वाइनमध्ये शिजवलेल्या कोंबड्याच्या फ्रेंच पदार्थाची कृती मराठीत छापताना साहित्यात नुसतं 'चिकन एक किलो' असतं आणि खाली 'दोन तास मंद आचेवर शिजवा'. या दोन ओळींचं आपसात जमत नाही. नावातला 'कॉक' म्हणजे कोंबडा, तोही चांगला जून. फ्रान्समधल्या बर्गंडीच्या खेड्यातला, दाताला दाद न देणारा कोंबडा मऊ करायचा म्हणून एवढी वाइन आणि एवढा वेळ. आपल्याकडचा ब्रॉयलर जेमतेम सहा आठवड्यांचा. दोन तासांत त्याच्या मांडीचं मांस हाडावरून गळतं, छातीचा भुसा होतो आणि रस्सा पातळच राहतो. जून कोंबड्याच्या कातडीतलं, सांध्यांतलं कोलॅजन, म्हणजे चिवट प्रथिन, सावकाश विरघळून त्याचं जिलेटिन होतं. रस्सा ओठाला किंचित चिकटतो तो त्यामुळे.

म्हणून पहिल्या खेपेला गावठी कोंबडाच घ्यावा. साफ करून दीड किलो, कातडीसकट, आठ मोठे तुकडे. हे दुकानात आधीच सांगावं, नाहीतर सवयीने कातडी सोलली जाते आणि रश्श्याचे बारके तुकडे पडतात. भाजल्यावर हळद चोळत असतील तर तीही नको म्हणावं.

वाइन ७५० मिली, लाल आणि ड्राय, म्हणजे गोड नसलेली. नाशिककडची शिराझ चालते. गोव्यात 'पोर्ट' म्हणून मिळणारी स्वस्त वाइन गोड असते. ती आटली की रश्श्याची काकवी होते. भांडं स्टीलचं, जाड बुडाचं. अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात वाइनचं आम्ल धातूला लागतं आणि रश्श्याला कळकट चव येते. आणखी एक घोळ तमालपत्राचा. फ्रेंच कृतीतलं 'बे लीफ' वेगळ्या झाडाचं. आपल्या तमालपत्रावर तीन लांब शिरा असतात आणि त्याला दालचिनीचा वास येतो. ते टाकलं की पुलावाची आठवण येते. मूळ पान नसेल तर वगळावं. अर्धा चमचा सुका थाइम आणि पार्स्लीचे देठ पुरेत.

एक कांदा, एक गाजर, चार लसूण पाकळ्या आणि तुकडे वाइनमध्ये रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावेत. सकाळी मांस जांभळं दिसेल, घाबरू नये. तुकडे काढून कापडाने अगदी कोरडे करावेत. इथेच बहुतेकांचं बिघडतं. ओला तुकडा तेलात पडला की आधी त्याच्यावरच्या पाण्याची वाफ होते, मांस करडं होतं आणि रंग धरतच नाही. सव्वाशे ग्रॅम चरबीदार बेकन मंद आचेवर परतून बाजूला काढावं. त्याच चरबीत एका वेळी तीन-चारच तुकडे, कातडी खाली ठेवून, मध्यम आचेवर दर बाजूला चार-पाच मिनिटं. तुकडा बुडाला चिकटला तर उपटू नये, रंग आला की तो आपोआप सुटतो.

मग मुरवणातल्या भाज्या परताव्यात, एक चमचा टोमॅटो पेस्ट घालावी. गाळलेली वाइन ओतून बुडाला लागलेलं खरवडावं, उकळी आणून वर येणारा फेस काढावा आणि मांस सोडावं. झाकण ठेवून दोन ते अडीच तास. रस्सा खदखदू देऊ नये, मधूनच एखादा बुडबुडा यावा. कुकरची शिट्टी इथे कामाची नाही: बंद कुकरमध्ये वाइन आटत नाही, कच्चा आंबट वास तसाच राहतो.

अडीचशे ग्रॅम मशरूम आणि पंधरा-वीस सांबार कांदे लोण्यात वेगळे परतावेत. आधीपासून घातले तर मशरूम पाणी सोडतात आणि कांदे विरघळतात. मांस शिजल्यावर बाहेर काढून रस्सा गाळावा, साधारण अर्धा लिटर राहीपर्यंत आटवावा. २५ ग्रॅम मऊ लोणी आणि २५ ग्रॅम मैदा बोटांनी मळून, त्याच्या छोट्या गोळ्या उकळत्या रश्श्यात एकेक करून फेटाव्यात. मैदा नुसता घातला तर गुठळ्या. लोण्यात मळला की दाणे सुटे राहतात. मग मांस, बेकन, मशरूम, कांदे एकत्र करून दहा मिनिटं. मीठ शेवटी, कारण बेकनचा खारटपणा आटल्यावरच कळतो.

ब्रॉयलरच वापरायचा असेल तर फक्त मांड्या आणि तंगड्या घ्याव्यात, रात्रभर मुरवू नयेत. वाइन भाज्यांसह आधीच निम्मी आटवावी, एक कप चिकन स्टॉक घालावा आणि मांस चाळीस-पंचेचाळीस मिनिटंच शिजवावं. पदार्थ चांगला होतो, फक्त मूळचा दाटपणा येत नाही.

'शिजवल्यावर दारू उडून जाते' हेही बिनदिक्कत छापलं जातं. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यानुसार घातलेल्या अल्कोहोलपैकी अर्धा तास शिजवल्यावर सुमारे ३५ टक्के आणि अडीच तासांनी सुमारे ५ टक्के उरतं. मुलांना किंवा वर्ज्य असणाऱ्यांना वाढण्याआधी हे सांगायलाच हवं.

तेव्हा पुढच्या वेळी कृती छापताना पक्षी कोणता, किती वजनाचा आणि वाइन कसली, एवढं साहित्यातच द्यावं, ही विनंती. सोबत उकडलेला बटाटा किंवा पाव. आणि जमलं तर आदल्या दिवशीच करून ठेवावा: थंड झाल्यावर वर गोठलेली चरबी चमच्याने सहज निघते.

– एक वाचक, नाशिक