पगार वाढला म्हणून ईएसआय का सुटावी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मी पगारपत्रकाचे काम पाहतो. पगारवाढीची यादी निघाली की जुने कामगार टेबलापाशी येऊन हळूच विचारतात, "भाऊ, एकवीसच्या आत बसवता येईल का?" वाढ कुणाला नको असते? पण महिन्याचा पगार २१,०००च्या वर गेला की ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना, सुटते. घरात आईची शुगर-बीपीची औषधे विमा दवाखान्यातून येत असतात, पोराला दमा असतो. हजार-दीड हजारांच्या वाढीत ते भागत नाही.

ही मर्यादा १ जानेवारी २०१७ला १५,०००वरून २१,००० झाली आणि तिथेच राहिली. महागाईपायी पगार तेवढे वाढले. त्यामुळे बढती मिळालेला साधा ऑपरेटरही आता विम्याबाहेर पडतो.

वर्गणी किती, तर कामगाराची ०.७५ टक्के आणि मालकाची ३.२५ टक्के. २१,००० पगारावर अनुक्रमे साधारण १५८ आणि ६८३ रुपये. एवढ्यात बायको-मुले, अवलंबून असलेले आईवडील, ओपीडी, औषधे, अॅडमिट होण्याचा खर्च आणि आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार. वर्गणी पगारावर ठरते. वयावर नाही, जुन्या दुखण्यावर नाही. तिथे रांगा असतात, रेफरच्या कागदासाठी फिरावे लागते, हे खरेच. तरी कामगार ते सोडायला तयार नाही.

बाहेर पडलेल्याला खासगी पॉलिसीत वयानुसार हप्ता बसतो आणि आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. सप्टेंबर २०२५मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, ते चांगलेच झाले. पण रोजच्या गोळ्यांचे पैसे ती पॉलिसी सहसा देत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा पाच लाखांचा आधार मोठा आहे, मात्र तो ठरलेल्या उपचारांना आणि यादीतल्या रुग्णालयांत.

मग काही ठिकाणी वाढ ओव्हरटाइममध्ये दाखवतात, कारण मर्यादा मोजताना तो धरत नाहीत. विमा वाचतो, पण पीएफ आणि ग्रॅच्युइटीत कामगार मार खातो. अशी पळवाट काढायची वेळ त्याच्यावर येऊच नये.

पीएफमध्ये एकदा सभासद झालेला माणूस पगार १५,०००च्या वर गेला तरी सभासद राहतो. ईएसआयमध्ये मात्र चालू सहामाही संपेपर्यंत, म्हणजे सप्टेंबर किंवा मार्चअखेरपर्यंतच वर्गणी घेतात. इथेही पीएफसारखे करावे. २१,०००च्या वर गेलेल्याची वर्गणी २१,०००वरच मोजावी, पण ती दोघांकडून चालू ठेवावी. मालकावर नवा बोजा पडत नाही, ते ६८३ रुपये तो कालपर्यंत भरतच होता. शिवाय चांगल्या पगाराचा माणूस बाहेर गेला की त्याची वर्गणीही निधीतून जाते, आणि कमी पगारवाल्यांच्या उपचाराला तेवढाच आधार कमी होतो.

यासाठी कायदा बदलावा लागेल. जिल्ह्यातल्या खासदारांनी संसदेत हे मांडावे. निमा, आयमा या उद्योजकांच्या संघटनांनी आणि कामगार संघटनांनी यासाठी एकत्र निवेदन द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, पाथर्डी फाटा, नाशिक