शनिवारच्या शिबिराच्या हाती अडीच तासांचा उजेड

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपली की आपल्या बेळगाव-खानापूर भागातील शाळांची स्काउट-गाईड पथके एका रात्रीच्या मुक्कामी शिबिरांना निघतात. जांबोटी असो, हिडकल असो की राजहंसगडाचा पायथा, वेळेचे गणित सगळीकडे सारखेच. शनिवारी सकाळची शाळा सुटते, मुले घरी जाऊन जेवून येतात, गाडी निघते आणि जागेवर सामान उतरेपर्यंत साडेतीन वाजतात. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्या अडीच तासांत तंबू, चुली, पाणी आणि शौचाचे चर, सगळे व्हायला हवे. जे ‘तिथे गेल्यावर शिकवू’ म्हणून ठेवले जाते ते अंधारात करावे लागते, आणि बहुतेक घोटाळे तिथेच होतात.

म्हणून मुख्याध्यापकांना आणि पालकांना कळकळीची विनंती आहे. शिबिराच्या आधीच्या शनिवारी मुलांना एक रात्र शाळेच्या मैदानावर काढू द्या. सामान तेच, पातेली तीच, अंथरूण तेच. काय विसरले, काय मोडके आहे, कोणाला कोणती गाठ येत नाही, ते घराजवळ असतानाच कळेल.

तंबूचेच घ्या. खानापूरच्या पश्चिमेला बरीचशी जमीन जांभ्याची. लाकडी खुंटी चार बोटे आत जाते आणि फुटते. तिथे फूटभर लांबीच्या लोखंडी सळया आणि त्या ठोकायला घण हवा. तरीही नाही गेली तर दोरी मोठ्या दगडाला बांधून त्यावर दुसरा दगड ठेवावा. बैलहोंगल-सौंदत्तीकडच्या काळ्या रानात खुंटी हाताने दाबली तरी जाते, पण जमीन ओली असेल तर तितक्याच सहज निघतेही. तिथे खुंटी लांब हवी. दोन्हीकडे खुंटीचे डोके तंबूपासून बाहेर कललेले असावे.

दोरीकडे तर कोणी लक्षच देत नाही. सुती दोरी दवाने आखडते, त्यामुळे झोपण्यापूर्वी ती थोडी सैल करावी लागते. नाहीतर पहाटे खुंटी उपटते किंवा कापड फाटते. नायलॉनचे उलटे: ती ओली झाली की ताणते आणि सकाळी तंबू लोंबलेला दिसतो. शिवाय ती गुळगुळीत असल्याने नुसती ‘क्लोव्ह हिच’ गाठ तिच्यावर टिकत नाही, मागे ‘हाफ हिच’च्या दोन गाठी टाकाव्याच लागतात. वर्गात सुतळीवर गाठी शिकलेल्या मुलांची इथेच फजिती होते. सराव त्याच दोरीवर हवा.

थंडीची तयारी म्हणून पालक जाड पांघरूण देतात. पण अंग गारठते ते खालून, जमिनीच्या गारव्याने. दोन पांघरुणांपैकी एक अंगाखाली घातले तर झोप लागते. जवळच्या शेतकऱ्याकडे भाताचे पिंजर (पेंढा) मिळाले तर फारच उत्तम: उन्हात चांगले झाडून वीतभर थर पसरावा आणि वर जमखाना. रानातला पालापाचोळा मात्र अंथरू नये, त्यात गोचिडी असतात. आपल्याला लागून असलेल्या सत्तरी आणि दोडामार्ग भागांत गेल्या दशकात माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो मुख्यतः गोचिडीच्या चाव्याने होतो, आणि त्याचा जोर डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका शिबिरांचा हंगाम. पायमोज्यांत खोचलेली पूर्ण पँट आणि झोपण्यापूर्वी काखा, गुडघ्यांमागची बाजू, कमरेभोवतीचा भाग तपासणे, एवढे तरी करायलाच हवे. दिवसभर घामेजलेले कपडे बदलल्याशिवाय कोणालाही झोपू देऊ नये.

पाण्याचा हिशेब आधी मांडावा. पिणे आणि स्वयंपाक यांसाठी माणशी दिवसाला पाच लिटर. २४ मुले आणि ४ मोठी माणसे धरली तर १४० लिटर, म्हणजे वीस लिटरचे सात कॅन. धुण्याभांड्याचे वेगळे. ओढ्याचे किंवा विहिरीचे पाणी जाड सुती कापडाच्या चार पदरांतून गाळून वीस लिटरला अर्ध्या ग्रॅमची एक क्लोरीन गोळी टाकावी आणि अर्धा तास थांबावे. गढूळ पाण्यात गोळीचा जोर गाळातच खर्ची पडतो, म्हणून गाळणे आधी. रविवारी दुपारी मुलांना जुलाब लागले की दोष खिचडीवर जातो, पण बहुतेक वेळा खरे कारण पाणी आणि न धुतलेले हात हेच असते.

खिचडी संघवार शिजवावी. २८ जणांचे एकच पातेले तीन दगडांवर चढवले की खाली करपते आणि वर कच्चे राहते. आठ जणांच्या संघाला ८०० ग्रॅम तांदूळ, २५० ग्रॅम मूगडाळ, साधारण पाच लिटर पाणी आणि आठ लिटरचे पातेले पुरते. चुलीवर वारा असतो, पाणी उडते, त्यामुळे घरच्या कुकरचे प्रमाण इथे चालत नाही. पातेल्याला बाहेरून ओल्या मातीचा हात फिरवला की काजळी घासत बसावे लागत नाही. पोहे माणशी ७० ग्रॅम.

शौचाचा चर फूटभर रुंद, दोन फूट खोल, पाण्यापासून आणि चुलीपासून किमान शंभर फूट दूर, उताराच्या बाजूला. काढलेली माती शेजारीच ठेवून प्रत्येकाने वापरानंतर दोन फावडी टाकावी. जांभ्यात हा चर खणायला पहार लागते आणि वेळही. उजेडातले पहिले काम तेच. मुलींचे चर वेगळे, आडोशाचे, आणि सोबत गाईड कॅप्टन, म्हणजे मुलींच्या पथकाची प्रमुख, असायलाच हवी. ती नसेल तर मुलींना नेऊ नये, हे आम्ही स्पष्टच सांगतो.

भीमगड अभयारण्याच्या आसपास वन खात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम नको. या भागात अस्वले आहेत, त्यामुळे खरकटे तंबूजवळ टाकू नये. रात्री कोणीही एकटे बाहेर पडू नये: दोघे जण, बॅटरी आणि लाठी. साप चावलाच तर चिरणे नाही, आवळून बांधणे नाही. अवयव हलू न देता थेट दवाखाना. दोन लाठ्या आणि बटणे लावलेले दोन-तीन शर्ट यांचे स्ट्रेचर मैदानावरच करून पाहावे.

शेवटची गोष्ट खास आपल्या सीमाभागाची. प्रत्येक मुलाचे कार्ड करावे: नाव, वजन, रक्तगट, औषधाची ॲलर्जी, दमा किंवा फिट येत असल्यास तसे, पालकांचा फोन. ते मराठीत आणि कन्नडमध्येही लिहावे, कारण रात्री दोन वाजता आरोग्य केंद्रातील नर्स कन्नडच वाचणारी असू शकते. कणकुंबी-चोर्ल्याकडे मोबाईल कधी गोव्याचे नेटवर्क पकडतो, कधी कुठलेच नाही. म्हणून रेंज कुठे मिळते ती जागा उजेडातच पाहून ठेवावी आणि १०८ लावल्यावर आधी राज्य, मग तालुका, मग गाव सांगावे.

आपले,
बेळगाव-खानापूर परिसरातील काही स्काउट मास्टर आणि गाईड कॅप्टन