शेफील्डच्या राखीव गोलकीपरास

चि. बाळ यास, अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, कॉलेजच्या संघात दुसऱ्या नंबरचा कीपर केलंय, बेंचवर बसून वैताग आलाय. तेव्हा मी गप्प राहिलो. फोनवर सांगण्याइतकी ती गोष्ट छोटी नव्हती.

तुझ्याच शेफील्डात 1894 मध्ये एक परदेशी गोलकीपर असाच बसून होता. आर्थर वॉर्टन. जन्म 1865, गोल्ड कोस्टमधल्या अक्रा गावचा, म्हणजे आजचं घाना. वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक, आईचं नातं तिथल्या फांटी राजघराण्याशी. पोरगं मिशनरी व्हावं म्हणून शिकायला इंग्लंडला पाठवलं. शिक्षण राहिलं बाजूला, डार्लिंग्टनला हा गोलात उभा राहायला लागला. आईला सांगू नकोस, तिला नसत्या शंका येतील.

1886 च्या जुलैत लंडनला स्टॅमफर्ड ब्रिजवर राष्ट्रीय स्पर्धेत तो 100 यार्ड 10 सेकंदांत धावला. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला. एवढा वेगवान माणूस गोलात का, असं मलाही आधी वाटलं. पण त्या काळचा कीपर आजच्यासारखा चौकटीत अडकलेला नव्हता. स्वतःच्या अर्ध्या मैदानात कुठंही हात लावायची मुभा होती, आणि समोरचे फॉरवर्ड त्याला खांद्यानं धडक देऊन चेंडूसकट गोलात ढकलायचे. वॉर्टन खांबाजवळ दबून बसायचा आणि शेवटच्या क्षणी बाहेर झेपावायचा. एका जुन्या प्रेक्षकानं 1942 मध्ये पेपरला पत्र लिहिलं होतं: रॉदरहॅमच्या सामन्यात वॉर्टननं उडी मारून आडवा खांब धरला, चेंडू दोन्ही पायांत पकडला, आणि धावत आलेले तिघं जण थेट जाळ्यात पडले. पन्नास वर्षं फुटबॉल बघतोय, असा बचाव परत दिसला नाही, असं त्या गृहस्थांनी लिहिलंय. मीही तालमीच्या संघात गोलात उभा राहिलोय, बाळ, आणि सांगतो, हे करायला नुसती चपळाई पुरत नाही, थोडा वात्रटपणा अंगात लागतो.

तोच वात्रटपणा काहींना खुपायचा. 1887 मध्ये तो प्रेस्टन या संघाकडून इंग्लंडच्या एफए कपच्या उपांत्य फेरीत खेळला (हरले). त्याच सुमारास एका क्रीडापत्रानं त्याच्या रंगावरून आणि डोक्यावरून जे छापलं ते मी इथं लिहीत नाही. आपल्याकडं पेठेच्या संघांतून आफ्रिकेतली पोरं खेळतात, त्यांना गॅलरीतून काय ऐकावं लागतं ते तुला माहीत आहे. शब्द फारसे बदललेले नाहीत.

पैसे घेऊन खेळायला तिथल्या फुटबॉल संघटनेनं 1885 मध्येच परवानगी दिली होती. त्याआधी चोरून देत. प्रेस्टननं 1884 मध्ये ते कबूल केलं म्हणून कपमधून बाहेर काढलं होतं. वॉर्टन त्या संघात हौशी म्हणून खेळला, धावण्यासाठी 1888 मध्ये सोडून गेला, आणि लगेचच्या हंगामात प्रेस्टननं लीग आणि कप दोन्ही जिंकलं. नशीब म्हणतात ते हे. 1889 मध्ये रॉदरहॅम टाऊनचा तो पगारी खेळाडू झाला. पहिला काळा व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणून त्याचं नाव घेतात. काहीजण तो मान ब्रिटिश गयानात जन्मलेल्या अँड्र्यू वॉटसनला देतात, ज्यानं 1881 मध्ये स्कॉटलंडचं नेतृत्व करून इंग्लंडला 6-1 हरवलं होतं. मला या भांडणात रस नाही. पोटासाठी खेळणं, ही गोष्ट मला मोठी वाटते.

मग शेफील्ड युनायटेड. तिथं वॉर्टनसमोर कोण, तर विसाव्या वर्षीच गोल अडवून बसलेला विल्यम फोक, पुढे ज्याचं वजन सव्वाशे किलोच्या वर गेलं! वॉर्टन तेव्हा एकोणतीस वर्षांचा. तरी त्या हंगामात संडरलंडविरुद्ध तो उतरला, आणि पहिल्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे लीगच्या सगळ्यांत वरच्या गटात, उतरलेला पहिला काळा खेळाडू ठरला. नंतर स्टॅलीब्रिज, ॲश्टन, स्टॉकपोर्ट इथल्या संघांकडून खेळला. 1902 मध्ये खेळ थांबला.

खेळ थांबला तसा पगारही थांबला. पुढे तो एडलिंग्टनच्या कोळसा खाणीत वाहतुकीच्या कामाला लागला आणि 1930 च्या डिसेंबरात कफल्लक अवस्थेत गेला. तिथल्या थडग्यावर नाव नव्हतं. 1997 मध्ये तुझ्याच शहरातल्या वंशद्वेषविरोधी फुटबॉल संस्थेनं दगड बसवला. 2014 मध्ये इंग्लंड संघाच्या सराव केंद्रात पुतळाही उभा राहिला. जिवंतपणी खाणीतून बाहेर काढायला मात्र कुणी आलं नाही.

म्हणून तुला बेंचवरून उठायला सांगत नाही, आणि बसून राहायलाही नाही. डिग्री पूर्ण कर, एवढंच माझं म्हणणं, आणि ते तुला आवडणार नाही. एडलिंग्टन डॉनकॅस्टरजवळ आहे, एखाद्या रविवारी जाऊन ये. ग्लोव्हजसाठी पैसे पाठवलेत, त्यातून जेवणाचा खर्च भागवू नकोस.

तुझे बाबा